सुशीच्या रानातनं आणलेली कणसं

येळवसाचं आमंत्रण ग्रुपवर टाकतात का कुणी, सख्ख्या थोरल्या बहिणीला? "सर्वांनी येणे" असं लिहिलेलं, खाली हात जोडलेलं चित्र आणि वर तिच्या ज्वारीचा फोटो. त्या ग्रुपात तिच्या सुनेच्या माहेरची माणसं, खत दुकानवाला, गवंडी, सगळे. ज्या सुशीला मी कडेवर घेऊन हिंडवलं तिनं मला "सर्वांनी"मध्ये बसवलं. म्हणून मी येळवसाला गेले नाही. पुढं जे झालं ते सगळं त्यातनंच झालं, म्हणून आधी हे सांगितलं.

आता रामराम. मी चौथीपर्यंत शिकलेली. फोनपुढं बोलते, अक्षरं उमटतात, चुकली तर सांभाळून घ्या. सांगोल्याकडनं अक्कलकोटच्या पलीकडं कुणाला जायचं असेल तर रस्ता, गाडी, जेवण सगळं खाली सांगितलंय. फक्त सुशीच्या गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही तिची शेती बघायला जाल आणि ती अजून फुगेल.

ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी. थंडीतल्या अमावस्येला उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. अंबील, भज्जी, उंडे करून आख्खं शिवार जेवतं. आमच्या माहेरी त्या दिवशी आणखी एक रीत होती. रानात आलेल्या लेकीनं आपल्या हातानं पाच कणसं मोडायची आणि सासरी न्यायची. तेच बी. कुणी द्यायचं नाही, कुणी मागायचं नाही. मागून आणलेलं बी उगवत नाही असं आई म्हणायची.

आईच्या ज्वारीचा दाणा बोंडात घट्ट बसतो. पाखराला टिपायला जड, मळायला त्याहून जड. पण पाऊस निघून गेला तरी ती दव पिऊन उभी राहते. आम्ही दोघी बहिणींनी ती सासरी नेली. माझी गेली. एका साली पेरली ती उगवलीच नाही. दुसऱ्या साली उगवली ती ऐन काढणीत भिजून काळी पडली. तेव्हापासून माझा लेक दुकानातनं बियाची पिशवी आणतो. ती काही वाईट नाही, पण आमच्या मुरमाड माळावर पाऊस चुकला की मान टाकते. यंदा तसंच झालं. गुडघ्याला लागली आणि वाळली. शेळ्या घातल्या.

आणि इकडं रोज सकाळी सुशीचा फोटो. ज्वारी कमरेला लागली, ज्वारी खांद्याला लागली, ज्वारीत नातू दिसेना झाला.

माहेरचं रान कधीच विकलं गेलं. म्हणजे आईची ज्वारी आता जगात फक्त सुशीच्या रानात. येळवस तर माझ्या रागात गेली. काढणी व्हायच्या आत त्या रानात पाय ठेवला नाही तर यंदाचं बी हुकणार, आणि माझ्या वयात पुढच्या सालाचं कोण सांगणार? पिशवीत एक लुगडं कोंबलं, दुसरी पिशवी रिकामी घेतली आणि निघाले.

सांगोल्याच्या स्टँडवरनं सकाळची सोलापूर गाडी पकडा, मंगळवेढ्यावरनं जाणारी. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं गाडीत बायकाच बायका आणि पुरुष उभे. हे बघायला मला बरं वाटतं. डाव्या खिडकीला बसा. आधी डाळिंबाच्या बागा लागतात, उन्हापासून जपायला त्यांच्यावर पांढरं कापड घातलेलं. आम्हाला डोक्यावर घ्यायला धड पदर नाही आणि डाळिंबाला कापड. मग मंगळवेढ्याचं काळं रान सुरू होतं. नजर पोचेल तिथवर ज्वारी. मी तिकडं बघायचंच नाही ठरवलं होतं, तरी मान वळली. एका पावसावर पीक काढणारी माती आहे ती. आमच्या रानाला तीन पाऊस दिले तरी चौथा मागतं.

माझ्या शेजारी अकलूजची एक बाई होती, लेकीकडं आलेली. म्हणाली, "आमच्याकडं ज्वारी कोन करत न्हाय आता. कॅनॉल हाय, ऊस लावायचा न् घरी बसायचं."

"मग खाता काय?" मी विचारलं.

"इकत आनतो की."

मी खिडकीकडं तोंड केलं ते भीमेचा पूल येईपर्यंत.

सोलापूर स्टँडबाहेर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मिळते. प्रवासात टिकते, दुसरं काही घेऊ नका. ज्वारीचीच भाकरी, पातळ थापून वाळवलेली, पाकिटात बांधलेली. गाड्यावरची बाई घरात तेलुगू बोलत असावी, पोराला तशीच दटावत होती. माझ्याशी मराठीत म्हणाली, "मावशी, पुण्यामुंबईला जाती ही. शुगरवाले खातात." आम्ही खात होतो तेव्हा लोक नाकं मुरडायचे. आता डॉक्टर लिहून देतात.

अक्कलकोटची गाडी लगेच मिळाली. एमआयडीसीपाशी टॉवेलच्या कारखान्यातनं सुटलेला एक पोरगा चढला, डोक्याच्या केसात कापूस. गावी सहा एकर आहे म्हणाला.

"मग हितं काय करतोस?"

"आजी, रानात पाऊस कदी येईल त्ये म्हाईत न्हाय. हितं पगार कदी येतो त्ये म्हाईत हाय."

त्याचंही मला बघवेना. पगार पडतो तसा पाऊस महिन्याच्या महिन्याला पडला असता तर मी कुणाच्या रानाकडं बघितलं नसतं.

अक्कलकोटात दर्शनाची ही गर्दी. मी बाहेरनंच हात जोडले. पुढं वडाप आहे. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही. मागच्या बाकावर बसू नका, गुडघे तोंडाला लागतात. इथनं पुढं बोलणं अर्धं कानडी होतं, पण भाडं मराठीत मागतात.

सुशी फाट्यावर उभी होती. तिचे मालक पण. ते कानडीतले, चांगला माणूस आहे, तोही तिलाच मिळाला. "बर्री अक्का, बर्री," म्हणजे या या, असं म्हणून पिशवी घेतली. रिकामी पिशवी मी हातातच ठेवली.

"येळवसाला आली न्हाईस," सुशी म्हणाली.

"बोलावलंस कुटं?"

"ग्रुपवर टाकलं हुतं की गं."

मी रिकाम्या पिशवीची घडी घातली. बोलायला लागले असते तर वडाप परत फिरवायला लागली असती.

घर बांधलंय नवीन. घरात फरशी, घरातच संडास, त्यालाही फरशी. तो तिनं मला दोनदा दाखवला. मग रान. ओट्यावर उभं राहिलं की समोर सगळं रान दिसतं. माणूस बुडेल एवढी ज्वारी, कणसं माझ्या मुठीत मावेनात, दाणा मोत्यासारखा. पाऊस किती झाला म्हणून विचारलं.

"पेरल्यावर येकच. पन बराबर टायमाला."

माझ्याकडंही एकच झाला होता. फक्त पेरायच्या आधी. आकाश एक, सोलापूर जिल्हा एक, दोघी एका आईच्या. मला कुणी सांगावं यात माझी चूक कुठं होती.

जेवायला हातावरची भाकरी, अंबाडीची भाजी (ती तिला पुंडी म्हणते), वर कच्चं तेल आणि चटणी. मी मोजून खाणारी, पण तीन भाकरी खाल्ल्या. आईच्या ज्वारीचा वास आला आणि माझं हातावरचं नियंत्रण गेलं. तिनं चौथी वाढली.

"बी काढून ठिवलंस का?" मी हळूच विचारलं.

"ढिगातनं येचू की. आधी रान तर रिकामं हू दे."

इथं मी तिला शिकवायला पाहिजे होतं. आई ढिगातनं कधी बी वेचत नव्हती. काढणीच्या आधी उभ्या पिकात शिरायची, मधल्या झाडांची कणसं हातानं निवडायची, कडेची कधीच नाही, आणि ती घरात टांगली की मगच पहिलं झाड उपटू द्यायची. ढिगात पडलं की चांगल्या झाडाचं कुठलं आणि वाईटाचं कुठलं कळत नाही. हे सगळं मला आठवत होतं. मी सांगितलं नाही. तिच्याकडं सगळं आहे, एवढं तरी माझ्याकडं असू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या. आमच्याकडं थंडीतली ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. कंबर आणि तळहात दोन्ही सोलून निघतात, त्यामुळं बायका मिळत नाहीत. मिळाल्या की चहा, नाष्टा, मर्जी सगळं सांभाळायला लागतं. त्या खालच्या अंगानं उपटत निघाल्या. सुशी चुलीपुढं. मी तांब्या घेतला, पदराखाली पिशवी घेतली आणि वरच्या अंगानं ज्वारीत शिरले.

रीतीप्रमाणं पाच मोडली. जाड, भरलेली, मधल्या झाडांची. मग मनात हिशेब आला. पाच कणसांत एक वाफा होतो. वाफ्याचं बी पुढच्या साली तुकड्याला, तुकड्याचं त्याच्या पुढच्या साली रानाला. मध्ये एक जरी पाऊस चुकला की पुन्हा सुरुवात. एवढी वर्षं मी कुणाकडनं आणू? सहावं मोडलं. मग हात थांबेना. पिशवी गच्च भरली, वर कांद्याची पात ठेवली आणि घरात येऊन खुंटीला अडकवली. खोटं सांगत नाही, चहा लई गोड लागला.

दुपारी ऊन चटका देणारं झालं आणि मग एकाएकी पिवळं पडलं. हवा बंद. सुशीचे मालक आभाळाकडं बघून कानडीत काहीतरी बोलले आणि ताडपत्रीकडं पळाले. अर्धं रान उपटून भुईवर पसरलेलं, अर्धं उभं. ताडपत्री एक.

पहिल्या गारा हरभऱ्याएवढ्या. बायका किंचाळत गोठ्यात आल्या. मी ओट्यावर, पत्र्याखाली. पहिली गार पडली तेव्हा मला वाईट वाटलं नाही, हे इथं लिहून ठेवते. वाटलं, आता बघू तिचा उद्याचा फोटो कसला येतो. मग गारा बोराएवढ्या झाल्या, मग लिंबाएवढ्या. पत्र्यावर असा आवाज की शेजारी सुशी ओरडत होती ते फक्त तोंडावरनं कळत होतं. समोर ज्वारी एकेक नाही, पट्ट्यापट्ट्यानं खाली जात होती. कणसातनं दाणा उडताना दिसत होता. वर पाऊस. मग मला कळलं की ही नुसती सुशीची ज्वारी नाही, आईची आहे, आणि ही गेली तर संपलीच.

थांबलं तेव्हा रान पांढरं. सुशी चिखलात उतरली, कणसं उचलून उचलून बघत होती. उभी होती त्यांचा दाणा ठेचलेला, पडलेली होती ती गारांच्या पाण्यात भिजत पडलेली. दोन दिवसांत काळी पडणार किंवा भुईवरच मोड फुटणार. खायला, जनावराला होईल. बियाला नाही.

"मागच्या सालचं कायतरी ठिवलं असशील की," मी म्हटलं.

"हुतं त्ये येळवसाला दळलं. पावनं लई आलते."

सर्वांनी येणे म्हटल्यावर येणारच. पण हे मी मनात ठेवलं.

तलाठी दुसऱ्या दिवशी सकाळीच आला, मोबाईलवर फोटो काढून गेला. माझी ज्वारी वाळली तेव्हा कुणी फोटो काढायला आलं नव्हतं. गार एका दुपारी पडते, दिसते. वाळणं रोज थोडं थोडं होतं, ते फोटोत कसं दिसणार? आता सुशीला मिळालं तर काहीतरी मिळेल. तेवढ्यातही मला हे सुचलं, काय करणार.

मी निघायची तयारी केली. लुगड्याची पिशवी एका हातात, दुसरी खुंटीवरनं काढली आणि दारापर्यंत आले. सुशी उंबऱ्यावर बसलेली. डोळे सुजलेले. कुणी मागितलं नव्हतं. मागायची रीतच नव्हती. मी नुसतं "येते गं" म्हणायचं आणि आईची ज्वारी पुन्हा माझी, एकटीची. फाट्यावर वडाप उभी होती.

सुशीनं हात पुढं केला आणि पिशवी खालनं उचलून वजन बघितलं.

"पाच कनसं लई जड झाली गं, अक्का."

"तुला कवा कळलं?"

"घरात संडास असताना तू तांब्या घिऊन रानात गेलीस, तवाच. ओट्यावरनं बघत हुते. वारं न्हवतं आन् रान मदीच हलत हुतं."

"मग बोलली न्हाईस ती?"

"येळवसाला आली न्हाईस. म्हनलं, घिऊ दे तिचा राग काडून."

मी पिशवी खाली ठेवली. पात बाजूला केली. कोरडी, टणक, एक दाणा हललेला नाही. सुशी बघतच राहिली. मग म्हणाली, "सगळीच ने. हितं ठिवून पुन्ना गार आली तर?"

"आन् माझ्याकडं पाऊसच न्हाय आला तर?"

दोघी पिशवीपुढं बसलो. तिच्याकडं गार, माझ्याकडं कोरड. दोन्ही एकाच साली होईल असं नाही आणि होणार नाही असंही नाही. लहानपणी आई लाडू वाटायची तसं केलं. एकीनं दोन वाटे घालायचे, दुसरीनं आधी उचलायचा. मी घातले. अगदी सारखे घातले, कारण मला तिची नजर ठाऊक आहे. तरी तिनं दोन्ही हातात धरून तोलले आणि जड तो उचलला. वर म्हणाली, "डोळं झाकून उचलला."

मग मी तिला आईचं सांगितलं, उभ्या पिकातनं आधी बी काढायचं ते. ती म्हणाली, "हे परवा रातच्याला का न्हाई सांगितलंस?" मी म्हटलं, वडाप सुटेल.

परतीची गंमत सांगते. पिशवी अर्धी झाल्यामुळं कणसं वर दिसत होती. मंगळवेढ्याला चढलेली एक बाई, अंगावर चांगलं लुगडं, काळ्या रानातली असणार, सारखी बघत होती. शेवटी म्हणाली, "कुटली म्हनायची ही ज्वारी? लई घट्ट दिसती. दोन कनसं द्या की."

"माहेरची हाय," मी म्हटलं. "मागून उगवत न्हाय."

तिचं तोंड एवढंसं झालं. सांगोल्यापर्यंत ती पिशवीकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. आयुष्यात पहिल्यांदा मंगळवेढ्याच्या माणसाला माझ्याकडच्या ज्वारीचं बघवलं नाही. या प्रवासात पैसे वसूल म्हणतात ते इथं झाले.

घरी आल्यावर कणसं चुलीच्या वर धुरात टांगली, कीड लागत नाही. खाली कडुलिंबाचा पाला. लेकाला सांगितलं, येत्या पेरणीला वरचा तुकडा मला. तो म्हणाला पाऊस बघून. मी म्हटलं पाऊस कुणी बघितलाय, तुकडा बघ. मग चुलीपुढं बसून वर बघत राहिले. सुशीची कणसं मोजली असती तर बरं झालं असतं असं वाटलं. तिचा वाटा जड होता. आणि गारपीट झाली तरी तिचा कडबा माझ्यापेक्षा जास्तच निघाला. म्हैस आहे, संडास आहे, नवराही आहे. माझं जळणं काही थांबलं नाही, तुम्हाला तसं वाटलं असेल तर. पण आता आभाळात ढग आला की आधी मी बघते तो अक्कलकोटकडं चाललाय की इकडं, आणि तिकडं चालला तरी शिवी पूर्वीपेक्षा लहान देते. अर्धं बी तिकडं आहे.

जायचं असेल तर ज्वारी काढणीच्या आधी जा. उतरून रानात चाला, शेतकऱ्याला विचारून चाला. माझ्यासारखा तांब्या नेऊ नका.

आता खाली कुणी "आजी छान लिहिलंय" लिहू नका, मला त्याचं काही होत नाही. एकच उत्तर पाहिजे. येत्या येळवसाला मला फोन करून, अक्का ये, असं म्हणणार की पुन्हा ग्रुपवर टाकणार? हे सुनेनं लिहायचं नाही, पाव्हण्यांनी लिहायचं नाही. सुशीनं सांगायचं, तेही तोंडानं.